पाण्यातली बाभळ पुसट का येते? (कॅनॉल, तळं, खंदक… सोलापूरकरांनो, सांगा)

शेवाळं | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी वापरलेला कॅमेरा घेतला, सोबत ५० ची १.८ लेन्स. तेव्हापासून डोक्यात एकच खूळ आहे, पाण्यातली प्रतिबिंबं. सासुरवाडी मोहोळकडं असल्यानं उजनीच्या डाव्या कालव्यावर जाणं होतं. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडणं, बंद झालं की दोन-चार दिवस कॅनॉलच्या तळाशी गुडघाभर पाणी नुसतं उभं असतं. वारा नसला की आरसाच. काठाला बाभळी, एक पडकं इंजिनघर, त्याच्या भिंतीवर निळीनं रंगवलेली आणि आता अर्धी उडालेली बियाण्याची जाहिरात. पाण्यात ही सगळी दुनिया उलटी टांगलेली. बायको म्हणते ऊन झालं, चला, तरी पाय निघत नाही.

आणि घरी येऊन बघावं तर? पाण्यावर तरंगणारं चिंचोक्याएवढं पान सुरीसारखं टोकदार, आणि मागची अख्खी बाभळ धुरकट. रंग म्हणाल तर राखेचा. डोळ्यानं पाहिलं ते कॅमेऱ्यात येतच नाही.

दोन प्रश्न आहेत. एक, हे असं का होतं? दोन, दर वेळी मोहोळ कोण गाठणार, शहरात असं पाणी कुठं आहे?

माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रतिबिंबासाठी तळ्यापेक्षा कॅनॉल सरस. अरुंद असतो, समोरचा काठ जवळ असतो, आणि अस्तराच्या दोन रेघा चित्राला आपोआप चौकट देतात. तळ्यात नुसतं आभाळ.

---

चारदिवसाआड | रविवार, रात्री १०:०४

शहरात कॅनॉल? कुठला ओ मालक? आपल्याकडं जे वाहतंय त्याला नाला म्हणतात. नळाचं पाणी चार दिवसाआड येतं, तेव्हा बॅरल भरून ठेवा आणि त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब काढा.

---

कडकभाकरी | रविवार, रात्री १०:११

फोटो टाका की आधी. पानाचा पण चालेल.

---

एफ_अकरा | रविवार, रात्री ११:३०

शेवाळं, तुमचा कॅमेरा चांगला आहे. फोकस चुकीच्या जागी पडतोय.

पान पाण्याच्या पृष्ठभागावर आहे, तुमच्यापासून समजा दोन मीटर. बाभळ पलीकडच्या काठावर, वीस मीटर. तिचं प्रतिबिंब कॅमेऱ्याला दोन मीटरवर दिसत नाही. झाडापासून निघालेला प्रकाश पाण्यापर्यंत येतो आणि तिथून उसळून लेन्समध्ये जातो. त्या सगळ्या वाटेची लांबी मोजा, वीस मीटरच भरेल. म्हणजे लेन्सच्या हिशेबानं बाभळ पाण्याच्या खाली, वीस मीटरवर उभी आहे. ऑटोफोकस मात्र आळशी, त्याला जवळचं ठळक पान सापडलं की तो तिथंच बसतो. १.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून काढताय म्हटल्यावर बाकी सगळं धूर होणारच.

उपाय: समोरच्या काठावरच्या खऱ्या बाभळीवर फोकस करा, लॉक करा, मग कॅमेरा खाली पाण्याकडं वळवा.

---

कडकभाकरी | रविवार, रात्री ११:४१

हे काही पटलं नाही सर. आरसा दोन मीटरवर आहे, चित्र आरशात दिसतंय, मग फोकस वीस मीटरवर कसा? थापा वाटायल्या.

---

एफ_अकरा | सोमवार, सकाळी ६:२०

तुम्हाला मायनस नंबरचा चष्मा आहे का? असेल तर न्हाणीघरातल्या आरशाला नाक लागेल इतकं जवळ जा आणि चष्मा काढा. आरशाच्या काचेवर पडलेले पेस्टचे शिंतोडे लख्ख दिसतील. त्याच आरशात मागच्या भिंतीवरची दांडी आणि टॉवेल बघा, पुसट. आरसा तोच, डोळ्यापासूनचं अंतर तेच. टॉवेल का पुसट?

---

कडकभाकरी | सोमवार, सकाळी ७:०२

करून बघितलं. च्यायला.

(घरच्यांनी विचारलं आरशाला नाक लावून काय करायलास. सोमवारची सुरुवात अशी.)

---

शेंगाचटणी | सोमवार, सकाळी ७:३५

मला वाटायचं मोबाइलवर हा घोळ होत नाही. बारकी लेन्स, सगळंच फोकसमध्ये.

---

एफ_अकरा | सोमवार, सकाळी ८:१०

@शेंगाचटणी, बरोबर. मोबाइलचं सेन्सर लहान, त्यामुळं फारसं जाणवत नाही. फक्त प्रतिबिंबावर बोट दाबून धरा, म्हणजे उजेड आणि फोकस दोन्ही तिथं बांधले जातात.

@शेवाळं, आणि एक. पान आणि बाभळ दोन्ही टोकदार हवेत म्हणून ११ पर्यंत छिद्र बारीक कराल. करा, पण ५० च्या लेन्सवर दोन मीटर आणि वीस मीटर एकाच वेळी तरीही साधणार नाहीत. काय महत्त्वाचं ते ठरवा. पुसट बाभळीवर लख्ख पान हासुद्धा फोटो होतो, फक्त तो ठरवून काढलेला असावा.

---

फिरतीकडी | सोमवार, सकाळी ९:४५

फोकसचं ठीक. राखेचा रंग येतो त्याचं उत्तर एकच, पोलरायझर घ्या, लेन्सपुढं लावायची फिरत्या कडीची काच. पाण्यावरची चकाकी जाते, रंग येतात. मी त्याशिवाय पाण्याच्या काठी जात नाही.

---

एफ_अकरा | सोमवार, सकाळी १०:०२

अहो, चकाकी जाते म्हणजेच प्रतिबिंब जातं! चकाकी आणि प्रतिबिंब एकाच घरचे. पाण्याच्या पातळीपासून साधारण ३७ अंश वरून बघत असाल तर पोलरायझर प्रतिबिंब जवळजवळ पुसून टाकतो आणि खालचा गाळ दाखवतो. मासे टिपायचे तर घ्या. इथं माणूस बाभळ शोधतोय.

---

फिरतीकडी | सोमवार, सकाळी १०:२०

सर, कडी फिरते. म्हणून तर माझं हे नाव. एका बाजूला फिरवलं की प्रतिबिंब जातं, तिथून ९० अंश फिरवलं की तेच उठून येतं, कारण आता पाण्याच्या पोटातून येणारा फिकट उजेड कापला जातो आणि प्रतिबिंब शिल्लक राहतं. तुम्ही कडी एकाच जागी ठेवून बोलायलात.

---

एफ_अकरा | सोमवार, सकाळी १०:३१

हे मान्य. माझी घाई झाली. तरी नवशिक्याला आधी तीन-चार हजाराची काच घ्यायला लावू नका. आधी फुकटातला उपाय करू द्या: खाली बसा.

उभं राहून पायाजवळच्या पाण्यात सरळ खाली बघितलं तर पाणी जेमतेम २ टक्के उजेड परत फेकतं. पातळीपासून ३० अंश वरून बघितलं तर ६ टक्के. कॅमेरा पाण्यालगत नेऊन १० अंशांवर आणला की हेच ३५ टक्क्यांच्या आसपास जातं. उभ्यानं काढलेल्या फोटोत राख येते ती त्यामुळं. गुडघे टेका, पँट मळू द्या.

---

परगावकर | सोमवार, दुपारी १२:१५

वाचनखूण साठवली. सोलापूर सोडून सतरा वर्षं झाली. कंबर तलावावर अजून पूर्वीइतकी जलपर्णी असते का? आम्ही कॉलेजला असताना विजापूर रोडनं जाताना तळं म्हणून एक हिरवं मैदान दिसायचं. गाय उतरून चालत जाईल असं वाटायचं.

---

शेंगाचटणी | सोमवार, दुपारी १:००

कधी काढतात, कधी परत येते. काढल्यानंतरच्या आठवड्यात जायचं. माझं मत, शहरात प्रतिबिंबासाठी किल्ल्याचा खंदक. भुईकोटाचा बुरूज जवळ, पाणी आडोशाला, त्यामुळं वारा लागत नाही. खंदकात पाणी असलं पाहिजे एवढीच अट. उन्हाळ्यात जाऊन माझ्या नावानं बोटं मोडू नका. आणि तिवई (ट्रायपॉड) नेणार असाल तर आधी विचारा. पुरातत्त्वचा किल्ला आहे, हातातल्या कॅमेऱ्याला कुणी काही म्हणत नाही, तिवई दिसली की शिट्टी वाजते.

---

बाळीवेसची_अक्का | सोमवार, दुपारी २:३०

सिद्धेश्वर तलाव कुणी अजून म्हटलं नाही, कमाल आहे. देऊळच पाण्यात उभं आहे, अजून काय पाहिजे? बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांकडून श्रमदान करवून तळं बांधून घेतलं. पाण्यासाठी, फोटोसाठी नव्हे, पण आता आयता आरसा मिळालाय तर वापरा. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी रोषणाई असते तेव्हा या. मी लहानपणी बाबांच्या खांद्यावरून बघायची. वरचं देऊळ गर्दीत दिसायचं नाही, पाण्यातलं दिसायचं.

---

कडकभाकरी | सोमवार, दुपारी २:४४

अक्का, शेवटचं वाक्य लई भारी.

मी गड्ड्यात प्रयत्न केलेला. मला दिव्यांच्या उभ्या रेघाच रेघा आल्या, देवळाचा आकार काही लागला नाही. हात हलला असेल.

---

एफ_अकरा | सोमवार, दुपारी ३:१०

हात हलला असता तर वरचे खरे दिवेही ओढले गेले असते. त्या रेघा लाटांच्या. पाणी जरा हललं की प्रत्येक लाटेचा उतार वेगळ्या कोनात, आणि त्यातले बरेच उतार तोच दिवा तुमच्याकडं फेकतात. म्हणून दिवा तुमच्या दिशेनं लांबत येतो. आकार हवा तर पाणी झोपलेलं पाहिजे, आणि गड्ड्यात काहीच झोपलेलं नसतं. पहाटे जा. पाळणेवालेसुद्धा तेव्हा आडवे असतात.

---

नाल्याकाठी | सोमवार, रात्री ८:५५

मी इथं सहसा वाचतो, लिहीत नाही. पण वर चारदिवसाआड यांनी नाल्याची चेष्टा केली म्हणून लिहितो.

माझं घर नाल्याला लागून आहे, तिसरी पिढी. कॅमेरा नाही, मोबाइल आहे. माझ्या खिडकीतून जे प्रतिबिंब दिसतं तसं तुमच्या खंदकात नाही आणि सिद्धेश्वरातही नाही. संध्याकाळी पाच-साडेपाचला नाल्यावर आमच्या चाळीची सावली पडलेली असते आणि पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींवर ऊन असतं. लाल, हिरव्या, मोर, कमळ. पाणी शाईसारखं काळं. त्या काळ्यात त्या चादरी अशा उमटतात की वरच्या खऱ्या फिकट वाटाव्यात. मध्ये एक थर्माकोलचा तुकडा हळूच त्यांच्यावरून जातो.

मी हा फोटो एका स्पर्धेला पाठवला होता. निवडला गेला. खाली जागेचं नाव विचारलं, मी खरं लिहिलं. नंतर कळवलं की "जलाशय" असं छापतो, चालेल का. मी नाही म्हणालो. मग छापलाच नाही.

---

शेवाळं | सोमवार, रात्री ९:२०

दंडवत. फोटो इथं टाकाल का? जागेच्या खऱ्या नावासकट.

---

फिरतीकडी | सोमवार, रात्री ९:३८

तांत्रिक अंगानं नाल्याकाठी यांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे, आणि बहुतेकांना हे माहीत नसतं. पाणी सावलीत, वस्तू उन्हात, ही पहिली अट. दुसरी अट काळं पाणी. पृष्ठभाग जेवढा उजेड परत फेकतो तेवढाच फेकतो, मग पाणी काळं असो की गढूळ. पण पावसाळ्यातल्या तांबड्या पाण्यात मातीचे कण उजेड पकडून आतून वर फेकतात आणि प्रतिबिंबावर चहा सांडल्यासारखं होतं. काळ्या पाण्याच्या पोटातून काहीच वर येत नाही. चित्राच्या मागं काळा कागद.

शेवाळं, तुमचा राखेचा रंग थोडा यामुळंही आहे. आवर्तन बंद झाल्यावर पहिल्या दिवशी गाळ खाली बसलेला नसतो.

---

बाळीवेसची_अक्का | सोमवार, रात्री १०:०५

म्हणजे पाणी जितकं सडलेलं तितका आरसा छान. वा.

राग मानू नका, पण हे वाचून पोटात कालवलं. लोकांच्या दारात वास मारणारं पाणी, डास, पोरं आजारी, आणि आपण उकिडवं बसून त्यात रंग शोधायचे? नाल्याकाठी, तुम्हाला नाही म्हणत, तुमचं ते अंगण आहे. बाहेरून कॅमेरे घेऊन येणाऱ्यांना म्हणते.

---

चारदिवसाआड | सोमवार, रात्री १०:१७

अक्का +१. उद्या कुणीतरी नाल्याकाठी फोटोग्राफी वर्कशॉप घेईल, तीनशे रुपये, मास्क फुकट.

---

कडकभाकरी | सोमवार, रात्री १०:३०

मला नाही पटत. फोटो काढल्यानं पाणी अजून घाण होतं का? उलट लोक बघतील तरी. नाक दाबून पुलावरून जाणारे आपण सगळे, खाली कोण बघतो?

---

बाळीवेसची_अक्का | सोमवार, रात्री १०:४४

बघतील ते काय बघतील? चादरीचा मोर. वास येतो का फोटोतून?

---

नाल्याकाठी | मंगळवार, सकाळी ६:४०

अक्का, तुमचं खरं आहे, आणि भाकरी, तुमचंही थोडं. मला दोन्ही एकदम होतं. खिडकी बंद ठेवतो ती वासामुळं, उघडतो ती पाच वाजता. आई म्हणते, तुला काय त्यात दिसतं मेल्या. तिच्या लहानपणी तिथं पाय बुडवून बसता यायचं म्हणे.

फोटो टाकतोय. थर्माकोल कापून टाकलेला नाही.

---

परगावकर | मंगळवार, सकाळी ७:१५

बापरे. मी हा दहा मिनिटं बघतोय. उजव्या कोपऱ्यात पाण्यातच एक बाई चादर झटकतेय आणि वरच्या खऱ्या गच्चीवर तिचे नुसते हात दिसतात, कठड्यामुळं. हे कसं?

---

एफ_अकरा | मंगळवार, सकाळी ८:००

बारीक नजर आहे, परगावकर. मोबाइल वरच्या खिडकीत, पाणी बरंच खाली. प्रतिबिंब हे वरच्या दृश्याची उलटी प्रत कधीच नसतं. तुमचा डोळा पाण्याच्या जितका वर, तितकाच पाण्याच्या खाली एक दुसरा डोळा आहे असं समजा आणि तिथून वर बघा. पुलाचं पोट, छज्जाची खालची बाजू, झाडाच्या पानांची पाठ हे सगळं पाण्यात दिसतं, वर दिसत नाही. म्हणूनच मी म्हणतो, दोन्ही अर्धे सारखे यावेत असं वाटत असेल तर पाण्यालगत जा, आणि दोन वेगळी चित्रं हवी असतील तर वर चढा.

…पण थांबा. खालून वर बघताना कठडा बाईला जास्त झाकेल, कमी नाही. तिथं गच्चीच्या कठड्याला जाळी असणार. नाल्याकाठी, आहे का?

---

नाल्याकाठी | मंगळवार, सकाळी ८:२२

कठड्याला जाळी नाही सर. ती बाई दुसरी आहे. खालच्या मजल्याच्या गॅलरीत. तेवढा भाग माझ्याच छज्जानं कापला गेलाय, त्यामुळं ती गॅलरी फोटोत वर आलीच नाही, फक्त पाण्यात आलीय. सासू-सुना आहेत, दोघी एकाच वेळी चादरी काढतात.

---

एफ_अकरा | मंगळवार, सकाळी ८:२५

:) हरलो.

---

जकार्ड | मंगळवार, सकाळी ११:१०

चादरींचं नाव निघालं म्हणून आलो. मी यंत्रमागावर आहे.

ते मोर बघितले. चादरीवर दोन मोर समोरासमोर असतात ना, त्यातला एकच काढलेला असतो. ग्राफच्या कागदावर अर्धं डिझाइन, आणि दुसरं अर्धं जकार्डच्या (मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या) दोऱ्या उलट्या बांधून आपोआप येतं. दोऱ्या उचलणारे हूकही तेवढे कमी लागतात. म्हणजे आमच्या चादरीत आधीच आरसा आहे. आणि नाल्याकाठी दादांनी त्याचा परत पाण्यात आरसा केला.

एक सांगतो, राग नसावा. वीस वर्षं मी सारखे मोर बघतोय. एकदम सारखं असलं की डोळा थांबत नाही, सरकतो. माल तपासताना नजर थांबते ती कुठं, जिथं एक दोरा चुकलाय तिथं. एफ_अकरा सर म्हणाले पाण्यालगत जाऊन दोन्ही अर्धे सारखे करा. मला तो थर्माकोलच आवडला.

---

शेंगाचटणी | मंगळवार, सकाळी ११:२६

जकार्ड अण्णा, तुमचा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या लायकीचा आहे. ग्राफवर मोर कसा उतरवतात ते लिहा ना सविस्तर.

---

जकार्ड | मंगळवार, सकाळी ११:४०

लाइट गेली की लिहितो. मग दुसरं काही करता येत नाही.

---

चारदिवसाआड | मंगळवार, दुपारी १२:०५

अवांतर: डबक्यातला फोटो चालतो का? विमानतळाजवळच्या साखर कारखान्याची ती उंच चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात मी शेताच्या बांधाला साचलेल्या पाण्यात तिचा फोटो काढलेला. डबकं परातीएवढं, त्यात अख्खी चिमणी मावली. वर चिमणी काढायला गेलो तर मोबाइल आडवा-उभा करूनही बसत नव्हती. आता चिमणी नाही, डबकं दर पावसात येतं.

---

कडकभाकरी | मंगळवार, दुपारी १२:१९

तुम्ही चेष्टेशिवाय पण लिहिता तर.

---

बाळीवेसची_अक्का | मंगळवार, दुपारी १:५०

परातीवरून आठवलं. १९८० च्या फेब्रुवारीतलं ग्रहण. खग्रास पट्टा खाली कर्नाटकातून गेला, हुबळी-रायचूरकडून, पण इथंही सूर्याची पार चंद्रकोर झाली होती. आजीनं अंगणात घमेल्यात शेणाचं पाणी कालवून ठेवलं आणि आम्हा पोरांना त्यात सूर्य दाखवला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, सगळे दारं लावून आत. आजी तेवढी बाहेर. शेणाच्या पाण्यात ती कोर हलायची. तुमच्या भाषेत सांगायचं तर गढूळ पाणी होतं, तरी दिसली.

---

एफ_अकरा | मंगळवार, दुपारी २:१५

अक्का, सूर्य इतका प्रखर की गढूळपणाला पुरून उरतो. आठवण सुंदर, पण वाचणाऱ्यांनी करू नका. पाणी पाच टक्के उजेड परत फेकत असलं तरी सूर्याचे पाच टक्के डोळा जाळायला पुरेसे आहेत. ग्रहणाचा चष्मा वापरा.

---

पाटकरी_निवृत्त | मंगळवार, रात्री ८:३०

नमस्कार. कालव्यावर पाटकरी म्हणून, म्हणजे पाणी वाटून द्यायची नोकरी झाली, आता घरी. मुलानं हा धागा वाचून दाखवला, सांगतोय तसं तोच टाइप करतोय.

खाली बसा, पाण्यालगत जा, असं सगळे लिहायलेत. तळ्याच्या घाटावर बसा. कॅनॉलवर बसू नका. अस्तराचा उतार बघितला का? त्यावर पाणी उतरल्यावर जो हिरवा थर राहतो तो वाळलेला दिसतो, वाळलेला नसतो. पाय ठेवला की माणूस बसूनच खाली जातो. गुडघाभर पाणी असलं तर ओला होऊन हसत वर येईल. आवर्तन चालू असेल तर काठाला पकडायला काही नसतं, गुळगुळीत सिमेंट आणि ओढ. मी नोकरीत म्हशी काढल्यात, माणसं पण काढलीत. सगळी जिवंत नव्हती.

फोटो काढायचा तर पुलावरून नाहीतर मोरीवर (कालव्यावरच्या बारक्या पुलावर) बसून काढा. आणि येसकराला नाहीतर पाटकऱ्याला विचारून घ्या, पाणी कधी सुटणार. रात्री सुटलं तर सकाळी तुम्ही उभे त्या जागेवर डोक्याएवढं पाणी असतंय.

---

शेवाळं | मंगळवार, रात्री ९:१०

काका, कबूल करायची वेळ आली. माझं हे नाव उगाच पडलेलं नाही. दिवाळीच्या सुटीत त्याच उतारावरून बसूनच खाली गेलो होतो. पाणी गुडघाभरच होतं म्हणून आज लिहितोय. कॅमेरा वर धरलेला, तो वाचला. चप्पल कॅनॉलमध्ये. सासऱ्यांनी दोरी टाकून वर ओढलं आणि दोन दिवस जेवताना कुणी काही बोललं नाही, फक्त मेहुणा ताटात भाजी वाढताना म्हणायचा, "दाजी, सावकाश, घसरेल."

---

कडकभाकरी | मंगळवार, रात्री ९:१४

=)) =)) मेहुण्याला इथं सदस्य करा.

---

फिरतीकडी | मंगळवार, रात्री ९:२६

पाटकरी काकांचं सगळ्यात आधी वाचायला हवं होतं. संपादकांनी वर टाकावं.

मोरीवरून आठवलं. कॅनॉलवर अर्धगोल कमानीची जुनी मोरी असेल तर तिच्या समोर, पाणी शांत असताना उभं राहा. अर्धी कमान वर, अर्धी पाण्यात, पूर्ण गोल होतो. गोलातून पलीकडचं शेत दिसतं. ज्वारी उभी असताना, म्हणजे हुरड्याच्या दिवसांत, तो गोल फिकट हिरवा असतो.

---

शेवाळं | पुढचा रविवार, दुपारी १२:४०

धागा वर काढतोय, हिशेब द्यायला.

शनिवारी मोहोळला गेलो. पाणी बंद होऊन तीन दिवस झालेले, गाळ बसलेला. उतारावर गेलो नाही (काका, शपथ). मोरीच्या कठड्यावर पालथा झोपलो, कॅमेरा हात खाली सोडून धरला. समोरच्या बाभळीच्या खोडावर फोकस, लॉक, मग पाणी. छिद्र ८. सकाळचे सव्वासात, आमच्या बाजूच्या भरावाची सावली पाण्यावर, ऊन पलीकडं.

बाभळ आली. काटे मोजता येतील अशी आली. इंजिनघराची जाहिरातही, उलटी, पण वाचता येते. राख गेली. एफ_अकरा सर, तुमचे पाय कुठं आहेत?

आता गंमत. फोटो घरी सगळ्यांना दाखवले. बायको म्हणाली छान. सासरे म्हणाले छान. मेहुणा म्हणाला, "दाजी, हे तर नुसतं उलटं केलंय." आणि मला आतून वाटलं की तो बरोबर बोलतोय. बाभळ वर, बाभळ खाली. जकार्ड अण्णा म्हणतात तसा डोळा सरकतो.

मग परत सगळे बघत बसलो. त्यात एक चुकून काढलेला होता. मी पालथा असताना एक पोरगं येऊन बाजूला उभं राहिलं आणि काय बघायलात म्हणून त्यानंही वाकून बघितलं. पाण्यात त्याचं डोकं बाभळीच्या बरोबर मध्ये. त्याच वेळी त्याच्या हातातलं बोर खाली पडलं. त्यामुळं एक गोल लाट आणि त्याचं अर्धं तोंड वेडंवाकडं, अर्धं साफ. फोकस बाभळीवर, म्हणजे तसा तोही किंचित पुसटच. आणि मला तोच एक ठेवावासा वाटतोय.

हा चुकलेला म्हणायचा का?

---

एफ_अकरा | रविवार, दुपारी १:०५

पोरगं तुमच्या शेजारी वाकलेलं, म्हणजे पाण्यापर्यंत आणि परत मिळून चारेक मीटर. ८ वर पुसट येणारच. तांत्रिकदृष्ट्या चुकलेला.

ठेवा.

---

जकार्ड | रविवार, दुपारी १:३०

बोर कुठल्या बाजूला पडलं ते बघा. डावीकडं असेल तर फोटो उलटा करून लावा भिंतीला, वरचं खाली. पोरगं सरळ दिसेल आणि बघणाऱ्याला दोन मिनिटं कळणार नाही काय चुकतंय ते.

---

बाळीवेसची_अक्का | रविवार, दुपारी २:१०

त्या पोराला फोटोची प्रत दिली का?

---

शेवाळं | रविवार, दुपारी २:२५

नाही दिली अक्का. नावही विचारलं नाही. बोर पडलं म्हणून माझ्यावरच चिडून गेलं ते.

---

पाटकरी_निवृत्त | रविवार, सायंकाळी ५:५०

मोरीच्या खालच्या अंगाला वस्ती आहे, तिथलं असणार. शेरडं घेऊन रोज येतात पोरं, सातच्या सुमाराला. पुढच्या आठवड्यात पाणी सुटायचं आहे म्हणतात, त्याच्या आत जा. जाताना बोरं न्या.